लघवीतला शिस्टोसोमा : आजार किती खोल गेलाय हे कसं ठरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिस्टोसोमा या कृमीमुळे होणारा हा आजार ठाणे-नवी मुंबईच्या पाण्यात नाही, तो प्रवासातून येतो. टांझानियातल्या साइटवर काम करून घणसोलीला परतलेला इंजिनिअर, मालावी सरोवरात पोहून आलेली विद्यार्थिनी, नायजेरियात नोकरी करून सुट्टीवर आलेले कुणाचे तरी काका. त्यांची लघवी लॅबमध्ये येते तेव्हा चिठ्ठीवर ‘युरीन रुटीन’ एवढंच लिहिलेलं असतं. मग रिपोर्टमध्ये आरबीसी, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी दिसतात, मूतखडा समजून औषध सुरू होतं आणि महिने जातात. काउंटरवर आणि फोनवर लोक जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं इथे दिली आहेत.

हा आजार होतो कशाने?

शिस्टोसोमा हिमॅटोबियम नावाच्या चपट्या कृमीने. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनी १८५१ मध्ये कैरोत तो शोधला, म्हणून जुने डॉक्टर याला बिल्हार्झिया म्हणतात. बाधित माणसाची लघवी गोड्या पाण्यात पडली की त्यातल्या अंड्यांतून बाहेर पडलेला जीव विशिष्ट गोगलगायींत शिरतो, तिथे वाढतो आणि पुन्हा पाण्यात येऊन पोहणाऱ्याच्या किंवा कपडे धुणाऱ्याच्या कातडीतून आत घुसतो. पाणी पोटात जायची गरज नाही, पाय बुडाले तरी पुरे. प्रौढ नर-मादी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि अंडी घालतात. माणसाकडून माणसाला थेट लागण होत नाही. घरातल्यांनी बाथरूम वेगळं करायचं कारण नाही.

जंत आहे की नाही हे कळलं की झालं ना? मग एवढ्या तपासण्या कशाला?

सगळा घोळ इथेच होतो. ‘लागण आहे का’ हा एक प्रश्न आणि ‘लागणीने शरीराचं किती नुकसान झालंय’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अंडं सापडून मिळतं. दुसऱ्याचं तसं मिळत नाही.

नुकसान कृमी करत नाही, अंडी करतात. निम्मी-अर्धी अंडी लघवीवाटे बाहेर पडतात, उरलेली मूत्राशयाच्या आणि मूत्रवाहिनीच्या भिंतीत अडकून बसतात. त्यांच्याभोवती शरीर सूज धरतं, बारीक गाठी होतात, त्यांतून रक्त झिरपतं. वर्षं गेली की भिंत जाड आणि कडक होते, तिच्यात कॅल्शियम साचतं, मूत्रवाहिनीचं तोंड आवळतं आणि वर किडनीत लघवी तुंबते. म्हणजे भिंतीत अडकलेलं अंडं लघवीच्या बाटलीत सहसा येत नाही आणि त्रास तर त्याचाच असतो. बाटली आणि भिंत या दोन्ही तपासाव्या लागतात त्या यामुळे.

लघवीला लाल होतं, पण दुखत काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की मी अमुक देशात, अमुक तळ्यात किंवा नदीत उतरलो होतो. किती वर्षांपूर्वी, तेही सांगा. आपल्याकडे हा प्रश्न ओपीडीत सहसा विचारला जात नाही, कारण विचारायची गरजच पडत नाही. खडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेट आणि टीबी यांच्यातच बहुतेकांचं निदान होतं.

रक्त लघवीच्या सुरुवातीला येतं की शेवटी, हेही बघून ठेवा. या आजारात ते बहुधा शेवटच्या थेंबांत दिसतं, कारण रिकामं होताना मूत्राशय आवळतं आणि सुजलेल्या भिंतीतून रक्त पिळून निघतं. बीट खाल्लं असेल किंवा टीबीची रिफॅम्पिसिन गोळी चालू असेल तरी लघवी लाल-नारिंगी होते, तेव्हा तेही लपवू नका.

टीबीचं नाव मुद्दाम घेतलं. मूत्रमार्गाच्या टीबीतही रक्त जातं, मूत्राशय लहान होतं, किडनी फुगते. ठाण्यात बसून दोहोंपैकी एक निवडायचं झालं तर आधी टीबीच शोधायला हवा. आफ्रिकेतला प्रवास असेल तर दोन्ही.

लघवीत पट्टी बुडवून करतात ती तपासणी कितपत भरवशाची?

स्वस्त आहे, दोन मिनिटांत होते आणि डोळ्यांना न दिसणारं रक्तही पकडते. जिथे हा आजार गावोगाव आहे तिथे शाळकरी मुलांच्या लघवीत पट्टी हिरवी पडली की लागण असण्याची शक्यता दांडगी असते. रक्ताची खूण एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशी वाचतात. मूत्राशयाला किती इजा झालीय याचा तो ढोबळ अंदाज मानतात. सोबतच्या प्रथिनाच्या चौकटीलाही महत्त्व आहे.

आपल्या शहरात मात्र पट्टीवरून शिस्टोसोमा म्हणता येत नाही. पाळी, खडा, साधा जंतुसंसर्ग, फार काय आदल्या दिवशीची मॅरेथॉनसुद्धा पट्टी हिरवी करते. उलटंही होतं : सर्दीसाठी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या रोज चघळणाऱ्याच्या लघवीत रक्त असूनही पट्टी कोरी राहू शकते. तपासणीच्या आधी त्या गोळ्या थांबवलेल्या बऱ्या.

लॅबचा माणूस सकाळी सातला नमुना न्यायला येतो. चालेल ना?

या तपासणीसाठी नाही. ही अंडी लघवीत सर्वाधिक पडतात ती सकाळी १० ते दुपारी २ या वेळात. पहाटेची पहिली लघवी बाकी अनेक तपासण्यांना उत्तम, पण इथे ती घेतली तर अंडं हुकण्याची शक्यता वाढते. लॅबमध्ये स्वतः दुपारी बाराच्या सुमारास जाणं सर्वांत बरं. आधी थोडी हालचाल करा. बिल्डिंगचे दोन-तीन मजले चढून-उतरून आलात तरी चालेल, त्याने भिंतीतली अंडी सुटायला मदत होते असं मानतात. मधली धार नको. ‘मिडस्ट्रीम घ्या’ ही जी सवय आपल्याला लागलीय ती इथे आड येते. सगळी लघवी घ्यायची आणि शेवटचे थेंब अजिबात सोडायचे नाहीत.

नमुना पाण्याने पातळ करू नये. बाटली धुऊन ओली असेल तरी बदलून घ्या. गोडं पाणी मिळालं की अंडं फुटून आतला जीव बाहेर पडतो आणि मोजायला कवच तेवढं उरतं. लगेच तपासणं शक्य नसेल तर फॉर्मॅलिनचे थेंब टाकून ठेवतात. आणि एका दिवसाच्या नमुन्यावर विसंबू नका. अंडी रोज सारखी पडत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या तीन दिवशी नमुने द्या.

अंडी मोजतात कशी? मशीनने?

अजून तरी डोळ्यांनीच. लघवी हलवून तिच्यातली बरोबर १० मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढायची. सिरिंजच्या तोंडाला प्लॅस्टिकची छोटी डबी बसवायची, तिच्यात नखाएवढी गोल जाळी असते, नायलॉनची किंवा पॉलिकार्बोनेटची, १२ ते २० मायक्रॉनच्या छिद्रांची. दट्ट्या हळूहळू दाबायचा. घाईत जोर लावला तर जाळी फाटते आणि सगळं मुसळ केरात. लघवी निघून जाते, अंडी जाळीवर राहतात. मग सिरिंजने हवा मारून उरलेलं पाणी काढायचं, चिमट्याने जाळी काचेवर उपडी ठेवायची आणि लुगोल आयोडीनचा एक थेंब टाकायचा. अंडी तपकिरी-पिवळी होऊन उठून दिसतात.

दहाच्या भिंगाखाली जाळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने वाचायची, एकही पट्टा न सोडता. अंडं ११० ते १७० मायक्रॉन लांब, म्हणजे लाल पेशीच्या पंधरा-वीस पट. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळतं आणि एका टोकाला बारीक काटा. आतड्यातल्या शिस्टोसोमाच्या अंड्याचा काटा बाजूला असतो, याचा टोकाला. एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही, पण कधीच न पाहिलेला तंत्रज्ञ त्याला स्फटिक समजून पुढे सरकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘शिस्टोसोमाची अंडी बघावीत’ असं स्पष्ट लिहून घ्या. रुटीनच्या गर्दीत कोणी शोधायला बसत नाही, हे आतल्या माणसाकडून ऐकून ठेवा.

जाळी नसेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ बघतात. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये तेच होईल. शोधायला ते पुरतं, मोजायला जाळी बरी.

रिपोर्टमध्ये ‘१० मिलिलिटरला ३५ अंडी’ असं आहे. हे कमी की जास्त?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात १० मिलिलिटरमागे ५० पेक्षा कमी म्हणजे हलकी लागण आणि ५० किंवा वर म्हणजे तीव्र. पण ही रेघ गावांसाठी आखलेली आहे, एकट्या रोग्यासाठी नाही. तीव्र लागण असलेल्यांचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं की त्या भागात हा आजार सार्वजनिक प्रश्न उरला नाही असं धरतात. आकडा त्यासाठी आहे.

मुलांमध्ये अंड्यांची संख्या आणि मूत्राशयाची अवस्था बऱ्यापैकी जुळते. मोठ्यांमध्ये जुळत नाही. तिशी-चाळिशीपर्यंत अंडी कमी पडू लागतात, पण वीस वर्षांत साचलेला कडकपणा तसाच राहतो. उलट एकदाच पोहून आलेल्या पर्यटकाला मोजून चार अंडी असूनही ताप, रक्त, जळजळ असा भरपूर त्रास होतो, कारण त्याच्या शरीराला ही अंडी नवीन असतात. तेव्हा ३५ वाचून हुश्श करू नका आणि घाबरूही नका. सोनोग्राफी करा.

सोनोग्राफीत काय बघतात? आमच्या रिपोर्टमध्ये फक्त ‘सिस्टायटिस’ (मूत्राशयाची सूज) लिहिलंय.

नुकसान मोजायचं सर्वांत कामाचं साधन हेच, म्हणून जरा सविस्तर.

पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपापल्या भाषेत लिहायचा, त्यामुळे सुदानचा रिपोर्ट आणि नायजरचा रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघता येत नसे. १९९० मध्ये कैरोत आणि पुढे ऑक्टोबर १९९६ मध्ये नायजरची राजधानी नियामे इथे तज्ज्ञांनी बसून ठरवलं की काय बघायचं, कुठे मोजायचं आणि किती गुण द्यायचे. नियामेचा तो नियमसंच जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये छापला, आणि आजही तोच वापरात आहे. मूत्राशयाचे गुण वेगळे, वरच्या मार्गाचे म्हणजे मूत्रवाहिनी आणि किडनीचे वेगळे.

मूत्राशयात आधी आकार बघतात, मग आतली कड गुळगुळीत आहे की खडबडीत. भिंत ५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर ती जाड धरतात, आणि जाडी एकाच जागी आहे की सगळीकडे, हे नोंदवतात. आत डोकावणारा फुगवटा किंवा मोडासारखी वाढ असेल तर ती मोजून लिहितात. वर मूत्रवाहिनी दिसते का, हे बघतात. निरोगी माणसात ती सहसा दिसतच नाही, त्यामुळे दिसली म्हणजे फुगलीय. शेवटी दोन्ही किडन्यांत पाणी किती साचलंय ते.

आता यातली मेख. मूत्राशय अर्धवट भरलेलं असेल तर निरोगी भिंतही जाड आणि सुरकुतलेली दिसते. म्हणून पाणी पाजून बसवतात. पण ठाण्याच्या सोनोग्राफी सेंटरात नंबर लागेपर्यंत दीड तास जातो, मूत्राशय तट्ट फुगतं आणि त्या दाबाने किडनीतही थोडं पाणी दिसतं. ते आजाराचं नसतं. किडनी फुगलेली दिसली तर लघवी करून या आणि अर्ध्या तासाने परत बघा, असं डॉक्टरांनी म्हणायला हवं. नाही म्हणाले तर तुम्ही विचारा. रिकामं केल्यावर फुगवटा ओसरला तर काळजी नाही, राहिला तर अडथळा खरा आहे.

‘सिस्टायटिस’ हा शब्द चूक नाही, अपुरा आहे. भिंत किती मिलिमीटर, कुठे, मूत्रवाहिनी दिसली का, लघवीनंतर किडनी कशी, एवढं लिहून मिळालं तर सहा महिन्यांनी तुलना करता येते.

मग एक्स-रे, सीटी, दुर्बीण हे सगळंही करायचं का?

सगळ्यांनी नाही. साध्या एक्स-रेवर कॅल्शियम धरलेलं मूत्राशय ओटीपोटात पांढऱ्या कडेसारखं दिसतं. बाळाच्या डोक्याच्या बाह्यरेषेसारखं, असं पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असतं. टीबीत कॅल्शियम बहुधा किडनीत आधी बसतं, इथे मूत्राशयात, हा फरक डॉक्टरांच्या कामाचा आहे. सीटीने तेच अधिक नेमकं कळतं आणि मूत्रवाहिनी कुठे आवळलीय तेही.

दुर्बिणीतून मूत्राशयाच्या आत वाळू सांडल्यासारखे पिवळट पट्टे दिसतात, त्यांत जुनी अंडी गच्च असतात. पण अंडं लघवीत मिळालं आणि सोनोग्राफी साधी असेल तर दुर्बीण कशाला? लघवीत काही सापडत नाही आणि रक्त मात्र थांबत नाही, किंवा सोनोग्राफीत गाठ दिसते, अशा वेळी ती हवीच.

कॅल्शियम किती टिकतं त्याची एक गोष्ट. वैद्यक संशोधक मार्क आर्मंड रुफर यांना १९१० मध्ये इजिप्तच्या विसाव्या राजघराण्याच्या काळातल्या ममींच्या किडनीत या कृमीची कॅल्शियम धरलेली अंडी सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीची.

रक्ताची अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्ह आली. आजार गंभीर आहे?

त्यावरून गंभीर की किरकोळ हे कळत नाही. कधीतरी लागण झाली होती, एवढंच ती सांगते. उपचारानंतरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून बरं झाल्याची खात्री करायला ती निरुपयोगी. प्रवाशाला मात्र तिचा उपयोग आहे, कारण थोडकी लागण असेल तर अंडी सापडत नाहीत. पोहून आल्यावर आठवड्याभरात करू नका, अँटिबॉडी तयार व्हायला ६ ते १२ आठवडे लागतात.

जिवंत कृमी रक्तात सोडतो त्या अँटिजेनची आणि डीएनएची तपासणीही निघाली आहे. मूत्राशयाची सूज मोजायला लघवीतलं इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचं एक प्रथिनही संशोधक तपासतात. गल्लीतल्या लॅबमध्ये यांतलं काही मागू नका.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) नॉर्मल आहे. म्हणजे किडनी ठीक?

एक किडनी पूर्ण तुंबलेली असली तरी दुसरी काम ओढून नेते आणि क्रिएटिनिन नॉर्मल राहतं. हा तुंबारा दुखतही नाही. सोनोग्राफी टाळायला क्रिएटिनिनची ढाल करू नये.

बायकांमध्ये वेगळं काही दिसतं का?

दिसतं, आणि ते हमखास दुर्लक्षित राहतं. अंडी गर्भाशयाच्या मुखात आणि योनीतही अडकतात. अंगावरून जाणं, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखणं, मूल न राहणं अशा तक्रारी असतात आणि लघवी अगदी स्वच्छ असू शकते. तपासणीत मुखावर वाळूच्या कणांसारखे ठिपके दिसतात. कित्येकींवर गुप्तरोग समजून उपचार होतात, त्यातून घरात जो संशय माजतो तो वेगळाच. आफ्रिकेत राहून आलेल्या बाईने स्त्रीरोगतज्ज्ञांनाही प्रवास सांगावा. पुरुषांमध्ये वीर्यात रक्त किंवा गुठळ्या ही पहिली खूण असू शकते. लाजून आठ महिने काढू नका.

कॅन्सर होतो हे खरं आहे का?

खरं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला माणसात कॅन्सर करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. तो मूत्राशयाचा स्क्वेमस म्हणजे चपट्या पेशींचा कॅन्सर असतो. मात्र त्याच्यामागे वर्षानुवर्षांची, पुन्हा पुन्हा होणारी लागण असते. एका सहलीत पोहलेल्याने या भीतीने झोप उडवून घेऊ नये. लहानपण तिथे गेलेल्या माणसाला चाळिशीत पुन्हा रक्त दिसू लागलं, तर लघवीतल्या पेशींची तपासणी आणि दुर्बीण लगेच.

जिथे सोनोग्राफीच नाही तिथे हे कसं मोजतात?

विचारून. टांझानियात शिक्षकांकडूनच मुलांना प्रश्नावली भरायला दिली. गेल्या महिन्यात ताप आला का, खोकला झाला का, अशा यादीत ‘लघवीत रक्त दिसलं का’ हा प्रश्न मिसळून टाकला. मुलं खरं सांगतात, असं दिसलं. इतकी साधी युक्ती, पण कोणत्या शाळांना औषध आधी पाठवायचं हे त्यातून ठरू लागलं. वयात आलेल्या मुलींची उत्तरं मात्र पाळीमुळे फसवी ठरतात. आणि लाल लघवी इतकी सर्रास की ती वयात येण्याची खूण समजली जायची, अशीही ठिकाणं होती. तिथे विचारून उपयोग काय?

२००३ मध्ये छापलेल्या एका अंदाजाप्रमाणे सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७ कोटी लोकांना मागच्या दोन आठवड्यांत लघवीतून रक्त गेलं होतं, १ कोटी ८० लाखांच्या मूत्राशयाच्या भिंतीत बिघाड होता आणि १ कोटी लोकांच्या किडनीत मोठा तुंबारा. पट्टी, प्रश्नावली आणि सोनोग्राफीचे निष्कर्ष जोडूनच असे आकडे निघतात.

तलावपाळीत, उपवनला, पांडवकड्याला भिजलो तर होईल का?

नाही. त्यासाठी योग्य जातीची गोगलगाय आणि बाधित माणसाची लघवी दोन्ही एकत्र यावी लागतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर प्रश्नच नाही. आपल्या पाण्यात लेप्टोची भीती बाळगा, ती खरी आहे. शेततळ्यात उतरल्यावर पायाला खाज सुटून पुरळ येतं, ते गुराढोरांच्या शिस्टोसोमामुळे असू शकतं. ते कातडीतच मरतात, मूत्राशयापर्यंत पोचत नाहीत.

पण कोकणात हा आजार होता असं ऐकलंय?

बरोबर ऐकलंत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गिमवी. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी १९५२ मध्ये तिथले रुग्ण जगासमोर आणले. लघवीच्या शिस्टोसोमाचं भारतातलं नाव घेण्याजोगं केंद्र ते एकच, आणि तिथली वाहक गोगलगाय आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी, अगदी चिमुकली. ठाण्यात निम्मा गुहागर राहतो, म्हणून हा प्रश्न येतो. गणपतीला गावी जाऊन आलात म्हणून तपासणी करायची गरज नाही.

औषध घेतलं. आता परत काय काय तपासायचं?

प्राझिक्वांटेल, वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणानंतर. ते प्रौढ कृमी मारतं, पिल्लांवर चालत नाही. म्हणून शेवटचं पोहणं होऊन ६ ते ८ आठवडे झालेले असावेत, आधी घेतलं असेल तर पुन्हा घ्यावं लागतं. दीड-दोन महिन्यांनी लघवीतली अंडी, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मुलांच्या आणि तरुणांच्या भिंतीची सूज काही महिन्यांत ओसरते, किडनीतलं पाणीही बरंच उतरतं. जुना कडकपणा आणि कॅल्शियम राहतं. मूत्रवाहिनीच आवळलेली असेल तर युरॉलॉजिस्टकडे जावं लागेल, गोळीने ती सुटत नाही.

औषधानंतर तीन महिन्यांनी परत अंडी दिसली. औषध फुकट गेलं?

आधी अंडी जिवंत आहेत का ते विचारा. भिंतीत अडकलेली मेलेली, काळवंडलेली अंडी उपचारानंतरही बरेच महिने सुटत राहतात. ताज्या लघवीत, फॉर्मॅलिन न टाकता, अंड्याच्या आत हालचाल दिसते का हे बघतात, किंवा गाळ गोड्या पाण्यात टाकून जीव बाहेर पोहत येतो का ते पाहतात. फुटून बाहेर आला तर दुसरा डोस. रिपोर्टमध्ये फक्त ‘अंडी आढळली’ असेल तर लॅबला फोन करून जिवंत की मेलेली हे लिहून मागा, आणि त्यासाठीचा नमुना पुन्हा दुपारीच द्या.